हान्झराची शेपटी

पहिल्या दिवशी गेन्पाचीने तिचं नावही विचारलं नाही. सिनेमाच्या स्टुडिओत लाकडी घोड्यांवर पसरून ठेवलेल्या राक्षसाच्या त्या अवाढव्य रबरी धडाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तू शेपटी ना? मागून शीर. आणि मी हललो तरच हल."

"आणि तू कोण?" तोमेने विचारलं.

"मी हान्झरा."

"अख्खा?" तोमेने धडाभोवती एक फेरी मारली. "मला तर तुझ्या वाट्याला नुसतं मुंडकं आलेलं दिसतंय. पोट, पाठ, ढुंगण, शेपटी, सगळं माझ्याकडे आहे."

रबर चिकटवत बसलेल्या बायका खदाखदा हसल्या. गेन्पाचीचे कान लाल झाले. वैर तिथेच ठरलं.

उसुई तोमे ही सर्कशीतली बाई. उत्तरेकडे गावोगाव फिरणाऱ्या तंबूतच तिने तिशी ओलांडली होती. कपाळावर पाण्याचा पेला ठेवून ती पाठीची अशी कमान करायची की डोकं दोन पायांमधून पुढे यायचं, आणि पेल्यातला थेंब सांडायचा नाही. मग घरोघर टेलिव्हिजन आले. तंबूतले बाक रिकामे राहू लागले. मालकाने हत्ती विकला तेव्हा उरलेल्यांनीही आपापली बोचकी बांधली. तोमे तोक्योला आली. तिकडे गावी, साकाताला, तिची आई शेजारणींना सांगायची की आमची तोमे सिनेमात असते. ते खोटं नव्हतं. फक्त कुठे असते हे ती सांगत नसे.

त्या काळात प्रत्येक कंपनीला स्वतःचा एक राक्षस हवा होता. शाळकरी पोरांना दुसरं काही दिसतच नव्हतं. तामा नदीच्या काठावरची ही कंपनी लहान, पण हौस मोठी. चमत्कृतीची दृश्यं करणारे हाचियासाहेब ठेंगणे, गळ्यात कायम टॉवेल, आवाज मात्र गोदीतल्या मुकादमाचा. ते म्हणाले, "बाकीच्यांचे राक्षस दोन पायांवर उभे राहतात. आत माणूस आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपला राक्षस सरपटणार." ओकायामाकडच्या डोंगरी ओढ्यांत दगडासारखा निपचित पडून राहणारा तो चपट्या डोक्याचा, सुरकुतलेल्या कातडीचा हान्झाकी नावाचा पालीसारखा अजस्र जलचर असतो ना, त्यावरून त्यांनी हान्झरा घडवला. धरणासाठी सुरुंग लावतात, तळ्याच्या बुडाशी झोपलेला हान्झरा जागा होतो, नदीने खाली उतरतो आणि ओकायामाचा काळा किल्ला पाडतो, अशी गोष्ट. खरा किल्ला गेल्याच वर्षी नव्याने बांधून झाला होता. "त्यांनी बांधायचा, आपण पाडायचा," हाचियासाहेब म्हणायचे.

सरपटणारा राक्षस म्हणजे आत दोन माणसं. पुढे गेन्पाची, गुडघ्यांवर. त्याच्या कमरेच्या चामडी पट्ट्याला दुसरा पट्टा लावून मागे तोमे, पार दुमडलेली. शेपटीत वेताची लांब कांब होती, ती तोमेच्या कमरेला बांधलेली. कंबर वळली की शेपटी वळे. गेन्पाचीला हान्झराच्या तोंडातल्या फटीतून थोडं दिसायचं. तोमेला काहीच नाही. तिला दिसायचं ते गेन्पाचीचं बूड, आणि तेही अंधारात.

कुरोइवा गेन्पाची चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. बरीच वर्षं तो तलवारपटांत पडद्याच्या कडेला उभा असायचा. तलवारपट कमी झाले आणि त्याला रबरात शिरावं लागलं. मागच्या जागेसाठी त्याने आपल्या धाकट्या भावाचं, यासुकेचं नाव पुढे केलं होतं. ठरल्यासारखंच होतं. पण हाचियासाहेबांनी तोमेची कमान पाहिली आणि यासुकेचं नाव मागे पडलं. तेव्हापासून गेन्पाची असं वागू लागला, जणू ती त्याच्या घरात शिरून त्याच्या भावाच्या अंथरुणावर झोपली आहे.

सुरुवात त्याने खाण्यापासून केली. शूटिंगच्या सकाळी तो डबाभर मुरलेला मुळा खाऊन यायचा, वर कच्चा कांदा. मग आत शिरून बाहेरून चेन लावली की तासाभरात जे व्हायचं ते व्हायचं. मागच्या बाजूला रबराला भोक नाही. तोमे त्या वासात दुमडून पडलेली असायची.

"आज तब्येत बरी नाही वाटतं मुंडक्याची," ती आतून म्हणायची.

"शेपटीने बोलायचं नसतं," पुढून उत्तर यायचं.

एकदा तिने त्याच्या पोटरीला कडकडून चावा घेतला. हान्झरा जागच्या जागी असा उसळला की हाचियासाहेब कर्ण्यातून ओरडले, "वा! असंच हवं! परत करा!" परत करायला मात्र दोघंही तयार नव्हती.

मग दिव्यांचं प्रकरण. त्या दृश्यांना इतका उजेड लागायचा की सेटवरच्या खेळण्यातल्या गाड्यांचा रंग फुगून यायचा. गेन्पाची वळताना मुद्दाम मोठा वळसा घ्यायचा. स्वतः पुढे निघून जायचा आणि तोमेची बाजू दिव्याच्या स्टँडला घासत जायची. संध्याकाळी तिने कपडे बदलले तेव्हा फुकुयेमावशीने, म्हणजे रबर शिवणाऱ्या म्हातारीने, तिच्या कुशीवरचा फोड पाहिला. जवळजवळ हाताच्या पंजाएवढा.

"हे मुद्दाम आहे," मावशी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"साहेबांना सांग."

"काय सांगू? वळताना मोठा वळला म्हणून?" तोमेने सदरा खाली ओढला. "माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी किल्ला पाडायचा होता. सुतारांनी कित्येक आठवडे खपून उभा केलेला, प्लास्टरचा, काळ्या फळ्यांचा, प्रत्येक मजल्याची कौलं वेगळी बसवलेली. ठरलं असं होतं की हान्झराने आधी खंदकाच्या काठाशी थांबायचं, मान उंच करायची, चौकाकडून रणगाडे येऊ द्यायचे आणि मग किल्ल्यावर झेपावायचं. कॅमेरे सुरू झाले. गेन्पाची निघाला. खंदकाच्या काठाशी पोचताक्षणीच तोमेने दोन्ही गुडघे जमिनीत रोवले आणि पट्टा मागे खेचला. गेन्पाची तोंडावर आपटला. हान्झराची हनुवटी सरळ किल्ल्याच्या दुसऱ्या मजल्यात घुसली, आणि उरलेले मजले सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या टाळक्यावर बसले. रणगाडे अजून कोपऱ्यावरच होते.

 मग कर्णा भिंतीवर आदळल्याचा आवाज आला.

चेन उघडल्यावर गेन्पाची बाहेर आला तो नाकातून रक्त गळत. "हिचं नावच तोमे आहे, साहेब! थांबणारी! आईबापांनी बघूनच ठेवलंय!"

"आई म्हणाली, ही शेवटची, आता थांबूया," तोमे घाम पुसत म्हणाली. "तुझ्या आईने मात्र तुझ्यानंतरही धीर सोडला नाही. यासुके झालाच."

गेन्पाची तिच्या अंगावर धावून गेला. दिवेवाल्यांनी त्याला धरलं. हाचियासाहेबांनी दोघांनाही समोर उभं केलं आणि बायकापोरांसमोर ऐकवणार नाही असं काय काय ऐकवलं. किल्ला नव्याने उभा होईपर्यंत पाण्याचं काम उरकायचं असं ठरलं. फेब्रुवारीत. उघड्या हौदात.

त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तोमे फुकुयेमावशीकडे गेली. "मावशी, पोटाखालची शिवण उसवून आतून हुक लावून दे. मला माझ्या हाताने उघडता आलं पाहिजे."

"इतका अविश्वास?"

"त्याच्यावर आहे, रबरावर आहे, पाण्यावर आहे."

मावशीने हुक लावले. कामात पक्षपात नको म्हणून तिने गेन्पाचीलाही विचारलं. तो फिस्कन हसला. "मी काय पळपुटा आहे? राक्षसाला आतून कडी लावतात का कुठे?"

हौद स्टुडिओच्या मागच्या अंगणात होता. पाठीमागे निळं आकाश रंगवलेला पडदा. पाण्यावर पहाटे पापुद्र्यासारखं बर्फ धरायचं, ते बांबूने फोडावं लागे. हान्झराच्या पायांत शिशाचे तुकडे भरले, नाहीतर रबराच्या आतला स्पंज वर तरंगतो. हवेसाठी दोन रबरी नळ्या होत्या, एक पुढे, एक मागे. काठावर तात्सुमी नावाचा माणूस पंप चालवायचा. दृश्य साधं होतं. सुरुंगाचा धमाका, हान्झराने पाण्यातून डोकं वर काढायचं, डरकाळी फोडल्यासारखं करायचं आणि परत पूर्ण बुडायचं. आणखी एक धमाका, की परत वर.

पहिल्यांदा वर येणं ठीक झालं. मग ते बुडाले. पाणी कातडीतून आत झिरपून गळ्यापर्यंत आलेलंच होतं, आता डोक्यावरून गेलं. तोमेने दातांत नळी घट्ट धरली. कानात पंपाची धडधड ऐकू येत होती. थंडी अशी की हाडं आपली वाटेनात.

दुसरा धमाका झाला. गेन्पाची वर उठला नाही.

पट्टा जोरात हिसकला, मग परत. तो पुढे धडपडत होता. तोमेला वाटलं, नवं काहीतरी काढलंय याने. मग अंधारातून एक हात मागे आला. तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग मानेला. मग बोटांनी तिचा गाल चाचपला, नाक चाचपलं. बोटं तिथे क्षणभर थांबली. मग त्यांनी तिच्या दातांतली नळी पकडली आणि उपटून घेतली.

तोमेच्या तोंडात पाणी शिरलं. ती ओरडू शकत नव्हती. तिचे हात आपोआप पोटाखाली गेले. बोटांत जीव नव्हता. एक हुक निघाला. दुसरा निघेना. मग कातडी फाटल्यासारखी उघडली. तिने कमरेचा पट्टा सोडला, कांबीची दोरी ओढून तोडली आणि त्या भोकातून बाहेर पडली. आयुष्यात इतकी लहान जागा तिने कधी ओलांडली नव्हती, सर्कशीतही नाही.

पाण्यावर तिचं डोकं आलं तेव्हा पहिल्यांदा तिला हाचियासाहेबांचा आवाज ऐकू आला. "कोण ते? ए बाई! खाली जा! कॅमेऱ्यात येतेस!"

काठावरचे सगळे पुढे वाकून बघत होते. हौदाच्या मधोमध हान्झरा पाणी उडवत लोळत होता, डोकं आपटत होता, पुढचे पंजे हवेत मारत होता. तसं काम त्याच्याकडून आजवर झालं नव्हतं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तोमे हौदाच्या भिंतीला धरून खोकत राहिली. तिला बोलता येत होतं का? नंतर तिने स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. घसा पाण्याने भरला होता हे खरं. पण ओरडण्याआधी ती थोडा वेळ त्या उसळणाऱ्या रबराकडे बघत राहिली, हेही तितकंच खरं. त्याच्याकडे आता तिची हवा होती. उसळू दे. बघू दे.

मग हान्झरा एकदम मंद झाला. आणि ती किंचाळली, "काढा त्याला! नाटक नाही ते! काढा!"

तात्सुमी पंप सोडून पाण्यात उतरला. डोक्याला बांधलेली तार कप्पीवरून ओढून सगळ्यांनी हान्झराला काठावर घेतलं. चेन गोठली होती, फुकुयेमावशीने सुरीने कातडं फाडलं. गेन्पाची निळा पडला होता. त्याला पालथा घालून पाठीवर गुद्दे मारले, तेव्हा पोटातलं पाणी बाहेर आलं आणि मागोमाग शिव्या आल्या. डोळे उघडून त्याने पहिल्यांदा तोमेकडे पाहिलं. "कुणी सांगितलं होतं बाहेर यायला? शॉट घालवलास."

त्याच्या मुठीत दोन नळ्या होत्या. एक शिशाच्या तुकड्याखाली दबून चपटी झालेली. दुसरी तोमेची, ओढताना पिळा पडून बंद झालेली. सगळ्यांनी त्या पाहिल्या.  तात्सुमीने खाली बघून पंपाची कळ फिरवली.

"मला वाटलं, माझीच आहे," गेन्पाची म्हणाला.

हान्झराचा मागचा एक पंजा फाटून बाजूला पडला होता, नखांसकट, पाणी पिऊन जड झालेला. तोमेने तो दोन्ही हातांनी उचलला आणि गेन्पाचीच्या तोंडावर हाणला. आवाज अंगणभर घुमला. हाचियासाहेब तेवढ्यात कॅमेऱ्यापाशी जाऊन विचारत होते, "मिळालं का सगळं? बाई दिसते का कुठे?" ती दिसत नव्हती. शॉट अप्रतिम आला होता.

आता उरलं होतं हान्झराचं मरण. नवा किल्ला उभा राहिला होता, कातडी शिवून झाली होती, मार्चच्या सुट्टीत सिनेमा लागायचाच होता. गेन्पाचीच्या छातीत मात्र कफ साचला होता. मरणाच्या दृश्यात चहूकडे आग आणि धूर, आणि धूर सगळा पुढून, तोंडाच्या फटीतून आत येणार. डॉक्टरने त्याला पुढे बसायला साफ मनाई केली.

तोमे हाचियासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "पुढे मी बसते."

"तू? डोकं तू चालवणार?"

"नाहीतर वर्तमानपत्रवाले आहेतच. त्यांना दोन नळ्यांची गोष्ट फार आवडेल."

हाचियासाहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं. मग गेन्पाचीला बोलावणं गेलं. दाराबाहेर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तोमे थांबून राहिली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तू मागे बस," साहेब म्हणाले.

"मी मागे? त्या बाईच्या मागे? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना तू पुढे होतास हेच ठाऊक नाही, तर मागे गेल्याचं कुठून कळणार? नको असेल तर नको. यासुकेला निरोप धाडतो. त्याची इच्छाही होती ना?"

 मग गेन्पाचीचा आवाज आला, हळू. "यासुकेला नको. मी बसतो."

तो बाहेर आला तेव्हा तोमे वाटेतच उभी होती. "भावाला नको? का रे? इतके दिवस तर त्याच्याचसाठी भांडत होतास. त्याचा जीव महाग आणि माझा फुकटचा?"

"हो," गेन्पाची म्हणाला आणि तिला बाजूला सारून निघून गेला.

त्या एका शब्दाने तोमेची उरलीसुरली भीडही गेली. तिने ठरवलं, उद्या आगीपाशी मोठा वळसा घ्यायचा. त्याने घेतला होता त्याहून मोठा.

सकाळी चेन लागली. पट्टा आता तिच्या कमरेला होता आणि त्याचं टोक मागे गेन्पाचीकडे. फटीतून तिला दिसेल असं वाटलं होतं तेवढं दिसत नव्हतं. किल्ल्याचा एक कोपरा, पेटलेल्या तेलाच्या टाकीची एक कड, आणि हाचियासाहेबांच्या हातातलं लाल निशाण. बाकी धूर. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते पुसायला हात मोकळे नव्हते. गरम हवा सरळ घशात उतरत होती. पुढे बसलेल्याला सगळं दिसतं, मोकळी हवा मिळते, असं समजून ती इतके दिवस मागे धुमसत होती.

तरी तिने वळसा घेतला. टाकीच्या ज्वाळांना डावीकडे ठेवून ती वळली आणि वळता वळता मागचं अंग ज्वाळांकडे लोटलं. रबर चुरचुरल्याचा वास आला. ती वाट बघत होती की आता ओरडेल, आता शिवी देईल. मागून चकार शब्द आला नाही. फक्त पट्टा एकदा ताठ झाला आणि परत सैल पडला. तिला ते आवडलं नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तोफा उडाल्या. किल्ला ठरल्याप्रमाणे, रणगाडे आल्यावर, कोसळला. तोमेने डोकं उंच केलं, डावीउजवीकडे झोकांड्या खाल्ल्या आणि खंदकाच्या काठावर मान टाकली. झालं. मेला हान्झरा. ती निपचित पडून 'कट' ऐकू यायची वाट बघू लागली.

'कट' येईना. घामाचा थेंब डोळ्यात गेला. तरी येईना. मागे पट्टा हलत होता, थांबत होता, परत हलत होता.

"अरे, मर ना लवकर!" ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"मरतोय," मागून आवाज आला. "तू गप पड."

अखेर कर्ण्यातून आवाज आला आणि चेन उघडली. बाहेर येऊन बघते तर सुतार, दिवेवाले, सगळे गेन्पाचीभोवती. कुणी त्याच्या खांद्यावर थोपटत होतं. त्याच्या डाव्या मांडीवरची विजार करपून कातडीला चिकटली होती. फुकुयेमावशी थंड पाण्याचं फडकं घेऊन धावत होती. तोमेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काय झालं ते तिला कुणी सांगितलंही नाही.

ते तिला कळलं सिनेमा लागला तेव्हा. आसाकुसातल्या थिएटरात, सकाळच्या पहिल्या खेळाला, पोरांच्या गर्दीत बसून तिने तो पाहिला. पोरं शेंगा खात होती, किल्ल्याच्या वेळी ओरडत होती, हौदातल्या दृश्याला तर बाकांवर उभी राहिली. मग मरण आलं. पडद्यावर हान्झराने मान टाकली. तिला वाटलं, छान टाकली. पण मान पडल्यावर कुणी मानेकडे बघतच नव्हतं. शेपटी अजून जिवंत होती. ती आधी थरथरली. मग हळूच उचलली गेली, आणि राखेच्या ढिगातून, पडलेल्या कौलांतून, काहीतरी शोधत असल्यासारखी फिरली. नदीच्या बाजूला तिचं टोक वळलं. तिथे ते थांबलं. आपण आलो ती वाट हीच का, असं विचारत असावं तसं. मग मुळापासून टोकाकडे एकेक सांधा सैल पडत गेला. टोक सगळ्यांत शेवटी. ते पडल्यावरही एकदा अगदी थोडंसं हललं, आणि मग नाही.

थिएटरात शेंगा फोडल्याचा आवाजही नव्हता. तोमेच्या पुढच्या रांगेतली, नातवंडांना घेऊन आलेली एक बाई रुमालाने नाक पुसत होती.

तोमे तिथून उठली ती तणतणतच. बाहेर वारं सुटलं होतं. थिएटराच्या कोपऱ्यावरच्या ओदेनच्या, म्हणजे रश्शात उकडलेल्या अंडी-मुळ्याच्या, गाडीपाशी गेन्पाची उभा होता, एका पायावर भार देऊन, वाफाळत्या ताटलीत मोहरी कालवत.

"बघितलंस?" त्याने विचारलं.

"माझं मरण चोरलंस तू."

"तुझ्या मरणात होतं काय? डोकं टाकलंस आणि झोपलीस. दमलेली म्हैस बसते तसं." त्याने उकडलेल्या अंड्याचे काडीने दोन भाग केले. "माणूस एकदम मरत नाही. जनावरही नाही. कुठला तरी भाग मागे राहतो, त्याला कळलेलंच नसतं. तलवार खाऊन पडताना मी नेहमी डावा हात शेवटी ठेवायचो. कॅमेरा माझ्यावर नसायचा, तरी ठेवायचो."

"कुणी विचारलं होतं?"

"कुणीच नाही. तेव्हाही नाही."

गाडीवाल्याने तोमेकडे बघितलं, काय देऊ म्हणून. तिने मान हलवली. मग ती गेन्पाचीच्या अगदी जवळ गेली. "हौदात तू माझा गाल चाचपलास. नाक चाचपलंस. मगच नळी ओढलीस."

तो चावत राहिला. गिळून झाल्यावर म्हणाला, "हो."

"म्हणजे माझीच आहे हे माहीत होतं."

"होतं." त्याने तिच्याकडे बघितलं. नजर चुकवली नाही, मऊही केली नाही. "परत तशी वेळ आली तर परत घेईन. पाण्याखाली मी काय, तू काय. तूही घेशील."

"मी नाही घेतली."

"तुला बाहेर पडायला वाट होती."

तोमेच्या तोंडाशी बरंच काही आलं. हुक तुलाही देत होते. तू हसलास. काठाला धरून मी उभी राहिले आणि तुला तडफडताना बघत राहिले, तेही घे. यातलं तिने काहीच दिलं नाही. त्याला कबुलीही फुकट द्यायची तिची तयारी नव्हती.

"कंपनी दुसरा भाग काढतेय," तो म्हणाला. "साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, त्या बाईबरोबर नाही."

"मीही तेच सांगून आले."

"मग बरं झालं."

"झालंच."

त्याने ताटली परत केली आणि लंगडत ट्रामच्या थांब्याकडे निघाला. तोमे तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. एकदा तरी मागे वळेल, म्हणजे तोंडावर काहीतरी फेकून मारता येईल, असं तिला वाटत होतं. तो वळला नाही.

मग ती परत थिएटराच्या खिडकीशी गेली आणि पुढच्या खेळाचं तिकीट काढलं. ह्या वेळी ती पहिल्या रांगेत बसली, मान वर करून, शेपटीत कुठे खोट सापडते ते शोधायला. कुठेतरी घाई झाली असेल, कुठेतरी कांब वाकडी दिसली असेल, एखादा सांधा आधीच सैल पडला असेल. तो खेळ संपला. तिला काही सापडलं नाही, म्हणून ती पुढच्यालाही बसली.